काळ्या पिशवीतली अंडी

शनिवारची संध्याकाळ. पडेगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेलं किराणा दुकान.

"काका, सहा अंडी द्या."

काका सहा अंडी मोजतात, जुन्या पेपरात गुंडाळतात आणि काउंटरखालून काळी कॅरीबॅग काढतात. साखर, साबण, ब्रेड, मॅगी हे सगळं ते तसंच हातात देतात. काळी पिशवी मिळते फक्त दोन गोष्टींना. एक सॅनिटरी पॅड आणि दुसरी अंडी. या दोन्हींत लपवण्यासारखं काय आहे, हे मला बावीस वर्षांत कुणी नीट सांगितलेलं नाही.

तरी मी पिशवी घेते. गुपचूप घेते. कारण आमचे घरमालक खालच्या मजल्यावर राहतात आणि रूम घेताना त्यांची पहिली अट होती, "नॉनव्हेज चालणार नाही." आम्ही तिघींनी एका सुरात "नाही नाही काका, आम्ही नाही खात" म्हणलं होतं. भाडं परवडणारं होतं आणि बोअरला पाणी होतं. संभाजीनगरात बोअरला पाणी असलेली रूम अंड्यासाठी कोण सोडतं?

मी पत्रकारिता शिकते, सध्या इंटर्नशिप करते. अंडी ज्या पेपरात गुंडाळून मिळतात त्यात एकदा माझीच छोटी बातमी निघाली होती. तेव्हाच ठरवलं की अंड्यांवर एकदा लिहायचं. रेसिपी तर सांगायच्याच आहेत, पण त्यासोबत दोन गोष्टी म्हणायच्या आहेत. पहिली, कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला (जे खातात त्यांना) अंडं निदान पाच प्रकारे करता आलं पाहिजे. दुसरी, ते लपवून खाणं आता बंद झालं पाहिजे.

मेसची डाळ आणि भरतीचं ग्राउंड

माझी एक रूममेट पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे पाचला उठून पळायला जाते. ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. आल्यावर तिला भूक लागते ती आपल्यासारखी नाही, पार पोटात खड्डा पडल्यासारखी. आणि आमच्या मेसच्या डाळीत वाटीचा तळ स्वच्छ दिसतो. रविवारी अंडाकरी असते. त्यात एका अंड्याचे दोन तुकडे करून दोन ताटांत वाढतात. एकाला जास्त पिवळं आलं तर दुसरी नाराज.

दुसरी रूममेट बीफार्म करते. तिने एकदा हिशोब मांडला. एका साधारण अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं आणि किंमत सात-आठ रुपये. जिमवाल्या भावांच्या पावडरच्या डब्याकडे आम्ही बघूही शकत नाही. आता कुणी म्हणेल, मटकी आहे, हरभरे आहेत, शेंगदाणे आहेत, सोयाबीन आहे. अगदी बरोबर. ते आम्हीही खातो. पण मटकीला आदल्या दिवशी आठवण ठेवून भिजवावं लागतं. अंड्याला फक्त पाणी आणि दहा मिनिटं लागतात. परीक्षेच्या आठवड्यात हा फरक फार मोठा असतो.

आणि हो, पिवळं फेकू नका. जिममधून आलेली ही फॅशन आहे. आमची बीफार्मवाली त्यावर फार चिडते. जवळजवळ अर्धं प्रोटीन पिवळ्यातच असतं आणि ए, डी ही जीवनसत्त्वंही तिथेच. डॉक्टरांनी कुणाला काही कारणाने बंद केलं असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर पैसे देऊन आणलेलं अंडं अर्धं बेसिनमध्ये ओतणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

अंडं आपल्याकडे इतकं सहज मिळतं यामागेही एक गोष्ट आहे. पूर्वी अंड्याचा भाव व्यापारी ठरवायचे आणि कोंबड्या पाळणारा शेतकरी बघत बसायचा. डॉ. बी. व्ही. राव यांनी शेतकऱ्यांना एकत्र केलं आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. दूरदर्शनवरची ती संडे-मंडेवाली जाहिरात याच समितीची. म्हणजे आपल्या आईबाबांच्या पिढीने अंड्याची जाहिरात टीव्हीसमोर बसून पाठ केली आणि आपण ते काळ्या पिशवीतून आणतोय.

उकडणं म्हणजे काय सोपं नसतं

पहिल्यांदा रूमवर अंडी उकडली तेव्हा मी फ्रीजमधून काढलेलं थंडगार अंडं थेट उकळत्या पाण्यात टाकलं. कवच तडकलं, पांढरं बाहेर आलं आणि पातेल्यात भूत नाचायला लागलं. दुसऱ्या वेळी इतका वेळ उकळलं की पिवळ्याभोवती हिरवट-काळपट कडं आलं. आम्हाला वाटलं अंडं खराब आहे. तसं नसतं. जास्त उकळलं की पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह एकत्र येऊन ते कडं तयार होतं. खाल्लं तर काही होत नाही, पण वास येतो आणि चव जाते.

आता आमची पद्धत ठरलेली आहे. अंडी आधी थोडा वेळ बाहेर काढून ठेवायची. पाण्याला उकळी आली की चमच्याने अलगद सोडायची आणि गॅस मध्यम करायचा. सहा-सात मिनिटांत पिवळं ओलसर राहतं, नऊ-दहा मिनिटांत मऊ आणि बारा मिनिटांत पूर्ण घट्ट. मग लगेच गार पाण्यात. सोलायला सुरुवात रुंद बाजूने करायची, तिथे हवेची पोकळी असते, साल पटकन सुटते. अगदी ताजी अंडी सोलताना साल मांस घेऊन निघते. आठवडाभर जुनी असतील तर चांगली सोलली जातात. त्यामुळे 'ताजी नाहीत' म्हणून दुकानदाराशी भांडण्याआधी हे लक्षात ठेवा.

जुनं आणि खराब यात मात्र फरक आहे. ग्लासभर पाण्यात अंडं सोडा. तळाशी आडवं पडलं तर ताजं. तळाशीच उभं राहिलं तर जुनं, लवकर संपवा. वर तरंगलं तर ठेवून द्या, कुणाच्या पोटाशी खेळू नका.

हॉस्टेलवर गॅस नसेल तर इलेक्ट्रिक केटल आहेच. अंडी बुडतील इतकं पाणी घाला, बटण दाबा. उकळी आली की केटल आपोआप बंद होते. झाकण उघडू नका, पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. उष्णता आतच असते, अंडी त्यातच शिजतात. कारण सोपं आहे. पांढरं साठ-पासष्ट अंशांच्या आसपास जमायला लागतं आणि पिवळं त्याच्या थोडं पुढे. त्यासाठी पाणी सतत खदखदायची गरजच नसते. पण अंडं फोडून केटलमध्ये टाकायचा प्रयोग करू नका. आमच्या शेजारच्या रूमने केला. त्यांचा चहा अजून ऑम्लेटसारखा लागतो.

कच्चं अंडं दुधात घालून पिणारे वीर भरतीच्या ग्राउंडवर हमखास भेटतात. त्यांना हात जोडून सांगणं आहे की कच्च्या अंड्यातून साल्मोनेला नावाचा जिवाणू पोटात जाऊ शकतो. ग्राउंडच्या आदल्या दिवशी जुलाब लागले तर ८०० मीटर वेगळ्याच दिशेने पळावं लागेल.

टक-टक-टक

भुर्जी शिकायची तर रात्री गाडीवर उभं राहून शिकावी. आपल्या शहरात जिथे जिथे कॉलेज, क्लास आणि बसस्टँड आहे, तिथे तिथे भुर्जीची गाडी आहे. मी ऑर्डर दिल्यावर मोबाइल काढत नाही, गाडीवाल्याच्या हाताकडे बघते. तो आधी कांदा आणि हिरवी मिरची तेलात पूर्ण परतून घेतो. मग टोमॅटो, हळद, तिखट, मीठ. टोमॅटोचं पाणी आटल्यावरच अंडी फोडतो. आपण घरी इथेच घाई करतो, आणि मग भुर्जीला पाणी सुटतं. अंडी पडली की ती उलथन्याची टक-टक-टक सुरू होते. आणि ओलसर असतानाच तो तवा उतरवतो, कारण तापलेला तवा पुढचं काम स्वतः करतो.

ऑम्लेटची आमची रूम-आवृत्ती म्हणजे दोन अंड्यांत दोन चमचे बेसन, कांदा, कोथिंबीर आणि थोडं पाणी. तिघींना पुरतं. महिनाअखेरीला बेसन वाढतं आणि अंडी कमी होतात. पंचवीस तारखेनंतर ते ऑम्लेट राहत नाही, त्याचं धिरडं होतं. कोकणातली माझी एक वर्गमैत्रीण ऑम्लेटला 'अंड्याची पोळी' म्हणते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चपातीत अंडं भरलेलं असेल असं समजून बसले होते.

पण खरी मजा घरोघरच्या प्रकारांत आहे. आमचं गाव कन्नड तालुक्यात. आई येसराच्या आमटीत अंडी सोडते. येसर म्हणजे मराठवाड्यातल्या प्रत्येक घरात असणारं भाजलेल्या धान्या-डाळींचं आणि मसाल्यांचं पीठ. ते पाण्यात कालवायचं, लसणाची फोडणी द्यायची, आमटीला उकळी आणायची. मग आच मंद करायची आणि अंडी एकेक करून वाटीत फोडून हळूच आमटीत सोडायची. झाकण ठेवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाच-सहा मिनिटं डाव घालायचा नाही. डाव घातला की अंड्याची चिंधी होते. धीर धरला की आमटीत अख्खं अंडं तयार होतं, सोबत बाजरीची भाकरी. आईला या पदार्थाचं नाव विचारलं तर म्हणते, "नाव कशाला हवं? अंडी कमी आणि माणसं जास्त असली की करायचं."

शहरातल्या माझ्या एका मैत्रिणीकडे खागिना होतो. दख्खनी मुस्लिम घरांतला हा पदार्थ. भरपूर कांदा मंद आचेवर लालसर होईपर्यंत परतायचा, हळद-तिखट घालायचं, वर फेटलेली अंडी ओतायची आणि जरा जमू द्यायची. मग मोठे मोठे तुकडे करून उलटायचे. भुर्जीसारखा चुरा करायचा नाही. तिची अम्मी म्हणते, "कांदा रडवतो म्हणून घाई करायची नाही, तोच खागिना आहे." गोव्यात ऑम्लेटवर शागुतीचा रस्सा ओतून पावाबरोबर देतात, त्याला रॉस ऑम्लेट म्हणतात. पारशी लोक तर भेंडीवर, बटाट्यावर, जे असेल त्यावर अंडं फोडतात. एक सात रुपयांची वस्तू, पण प्रत्येक घर तिच्यावर स्वतःचा शिक्का मारतं. हे शिकायला पैसे लागत नाहीत. मित्रांच्या घरी जावं लागतं, इतकंच.

पिठाच्या डब्यातून म्हैसमाळच्या पायथ्याशी

फेब्रुवारीत आम्ही आठ जण एका मित्राच्या शेतात मुक्कामाला गेलो. खुलताबादच्या पुढे, म्हैसमाळच्या पायथ्याला. दोन डझन अंडी न्यायची होती आणि वाहनं म्हणजे चार बाइक. पडेगावातून निघालं की मिटमिटा, शरणापूर फाटा, मग दौलताबादचा घाट. वाटेतले खड्डे तुम्हाला माहीतच आहेत.

आईने फोनवर उपाय सांगितला. ज्वारीच्या पिठाचा डबा घे आणि त्यात अंडी पुरून टाक. पूर्वी बाजाराला अंडी नेताना बायका धान्यात घालूनच न्यायच्या. बारा अंडी पिठात गेली, बारा घरूनच उकडून घेतली, सालीसकट. पिठातलं एकही फुटलं नाही आणि रात्री त्याच पिठाच्या भाकरी झाल्या. ट्रेकिंगच्या दुकानात अंड्यांसाठी प्लास्टिकचे खास डबे मिळतात म्हणे. आम्हाला गरज पडली नाही.

तिथे आम्ही चार प्रकार केले.

पहिला, राखेतलं अंडं. जाळ विझून निखारे झाले की कडेच्या गरम राखेत अंडी ठेवायची आणि मधूनमधून फिरवायची. दहा-बारा मिनिटं लागतात. पण त्याआधी रुंद बाजूला सुईने किंवा बाभळीच्या काट्याने भोक पाडायचं. आम्ही पहिल्या अंड्याला भोक पाडलं नाही. ते सुतळी बॉम्बसारखं फुटलं आणि पिवळं एकाच्या नव्या जॅकेटवर गेलं. आतली वाफ बाहेर जायला वाट लागते, हे फिजिक्स आम्हाला बारावीपेक्षा त्या रात्री जास्त कळलं.

दुसरा, मोसंबीच्या सालीतलं अंडं. परदेशात संत्र्याच्या सालीत करतात असं कुठेतरी पाहिलं होतं. आपण मराठवाड्यातले, आपल्याकडे मोसंबी. जालन्याच्या मोसंबीला तर भौगोलिक मानांकनही आहे. मोसंबी आडवी कापायची, गर चमच्याने काढून खायचा. उरलेल्या सालीच्या वाटीत अंडं फोडायचं, मीठ-मिरी टाकायची आणि वाटी निखाऱ्यावर टेकवून ठेवायची. साल ओली असते, त्यामुळे बाहेरून काळी पडते पण पटकन जळत नाही. आठ-दहा मिनिटांत अंडं जमतं. चवीला किंचित कडवट, वास मात्र भारी. भांडं घासायचं नाही हा बोनस.

तिसरा, कांद्याच्या चकतीतलं. जाड कांद्याची मोठी रिंग तव्यावर ठेवायची आणि आत अंडं फोडायचं. अंडं पसरत नाही आणि कांदाही भाजला जातो. चौथा, बाटलीतलं ऑम्लेट. रुंद तोंडाच्या बाटलीत अंडी, बारीक कांदा, मिरची, मीठ घालून जोरात हलवायचं आणि तव्यावर ओतायचं. पण हे तिथे पोहोचल्यावर करायचं. घरून फेटलेलं अंडं बाटलीत भरून उन्हातून न्यायचं नाही, ते खराब होतं. उकडलेली अंडीही सोलून नेऊ नका. साल हाच सगळ्यात चांगला डबा आहे.

कळसूबाईवर किंवा हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्यांसाठी एक टीप. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. कळसूबाई १६४६ मीटर आहे, तिथे पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं. त्यामुळे अंडं दोन मिनिटं जास्त उकळा आणि 'अंडं खराब निघालं' म्हणून आणणाऱ्याला शिव्या देऊ नका.

आणि ही टीप नाही, नियम आहे. आम्ही चूल पेटवली ती मित्राच्या स्वतःच्या शेतात, मोकळ्या नांगरलेल्या जागेत, जवळ पाण्याची कळशी ठेवून. गौताळ्याच्या अभयारण्यात, देवगिरी किल्ल्यावर, पितळखोऱ्याला चूल पेटवायची नाही म्हणजे नाही. दिवाळीनंतर आपल्या डोंगरांवरचं गवत वाळून कोळ होतं आणि एका ठिणगीने वणवा लागतो. अशा ठिकाणी घरून उकडलेली अंडी न्या, खा आणि टरफलं पिशवीत भरून परत आणा. टरफल 'नैसर्गिक' आहे म्हणून किल्ल्याच्या पायरीवर टाकायचं लायसन्स मिळत नाही. माकडांना अंडी-पाव भरवून त्यांच्या सवयी बिघडवायचंही नाही.

आमचा 'शेफ'

आता जरा कडू. त्या रात्री एका मित्राने ऑम्लेट हवेत उडवून तव्यात झेललं. टाळ्या पडल्या, रील निघालं, स्टेटसला 'कॅम्प शेफ' असं लागलं. छान केलं होतं, नाकारत नाही. पण कांदे कुणी चिरले होते? कणीक कुणी मळली, भाकरी कुणी थापल्या? आणि सकाळी राखेने तवा कुणी घासला? आम्ही तीन मुली होतो. आम्ही केलेलं कुणी शूट केलं नाही, कारण ते 'नॉर्मल' होतं.

हाच मित्र घरी पाण्याचा ग्लासही आईकडून मागतो, हे त्यानेच हसत हसत सांगितलेलं. मुलगा वर्षातून एकदा उघड्यावर अंडं करतो तेव्हा ती कला असते. मुलगी रोज गॅसवर करते तेव्हा ते काम असतं. म्हणून माझं मुलांना म्हणणं आहे की अंडं शिकाच, पण कांदा चिरण्यापासून तवा घासण्यापर्यंत शिका. मधलं उडवणं तेवढं शिकू नका.

आणि मुलींबद्दलही खरं सांगते. त्या मुक्कामाला जाताना मी घरी 'कॉलेजची ट्रिप' आहे असं सांगितलं होतं. म्हणजे अंडी काळ्या पिशवीत आणि मीही एक प्रकारे काळ्या पिशवीतच. नंतर आईला खरं सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, "पिठातली अंडी फुटली तर नाहीत ना?"

काकूंना वास येत होता

रूमवर अंडं केलं की आम्ही उदबत्ती लावायचो. खिडकी बंद, दाराखाली टॉवेल आणि वर मोगऱ्याची उदबत्ती. चार महिने आम्हाला वाटत होतं की आम्ही फार हुशार आहोत.

एक दिवस घरमालकीणकाकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "काय गं, रोज सकाळी साडेसहाला तुमच्या खोलीतून उदबत्तीचा वास येतो. एवढ्या देवभोळ्या तर तुम्ही दिसत नाही."

माझा चेहरा पडला. मी खरं सांगून टाकलं. भरती, मेसची डाळ, अंडी, सगळं. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अंडी खाता याचं नाही गं वाईट वाटलं. खोटं बोललात याचं वाटलं. घर आमचं आहे, खाली देवघर आहे. आधी विचारलं असतं तर काहीतरी मार्ग काढला असता."

मला वाटतं काकूंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. त्यांच्या घरात, त्यांच्या देवघरावर कुणी त्यांच्या मनाविरुद्ध काही शिजवावं, असं मीही म्हणणार नाही. श्रद्धा असते, वासाचा त्रास होतो, हे समजू शकते. आम्ही आता ठरवून घेतलंय. तवा वेगळा, खिडकी उघडी, टरफलं आम्ही स्वतः घंटागाडीत टाकायची. एकादशी, चतुर्थी आणि पूर्ण श्रावण रूमवर अंडं नाही. श्रावणात आमची भरतीवाली मटकी आणि शेंगदाण्यांवर पळते. चालतंय.

पण उरलेलं अर्धं मला पटत नाही. 'आधी विचारलं असतं तर' हे म्हणणं सोपं आहे. माझ्या त्या खागिनावाल्या मैत्रिणीला तिच्या कॉलेजजवळ रूम हवी होती. ती विचारायला गेली. एका ठिकाणी आधी आडनाव विचारलं, मग 'नॉनव्हेज खाता का' विचारलं, मग 'रूम कालच गेली' असं सांगितलं. असं तीन ठिकाणी झालं. ती तर म्हणत होती, मी रूमवर काहीच शिजवणार नाही, मेस लावेन. तरी रूम 'कालच गेली' होती. तेव्हा कळतं की कधीकधी प्रश्न अंड्याचा नसतोच. अंडं पुढे करून दुसरंच काहीतरी विचारलेलं असतं. माझं आडनाव चालून गेलं म्हणून माझ्याशी जिन्यात बोलणं झालं. तिच्याशी दारातच संपलं.

म्हणून घरमालकांना विनंती आहे. तुमच्या घराचे नियम जरूर ठेवा, पण ते ताटाबद्दल असतील तर ताटाबद्दलच असू द्या. आणि आपण विद्यार्थ्यांनी पहिल्याच दिवशी खरं सांगायचं धाडस करायला हवं. आज मी खोटं बोलून रूम मिळवली की उद्या खरं बोलणारीला रूम मिळणं आणखी अवघड होतं.

शाळेच्या ताटातलं अंडं

हे सगळं फक्त रूमपुरतं असतं तर लिहिलंही नसतं. आपल्या राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. जी मुलं खात नाहीत त्यांना केळं किंवा दुसरं फळ. माझा चुलत भाऊ तेव्हा आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत होता. अंड्याच्या दिवशी तो शाळा बुडवायचा नाही, तापही दुपारनंतर यायचा. मग जानेवारी २०२५ मध्ये सरकारने निर्णय काढला की अंड्यासाठी वेगळा निधी मिळणार नाही, द्यायचं असेल तर शाळांनी लोकसहभागातून द्यावं. आता आमच्या गावात लोकसहभागातून मंदिराचा कळस होतो, सप्ताह होतो. अंड्यासाठी वर्गणी कोण मागणार आणि कोण देणार?

तमिळनाडूत शाळेच्या जेवणात २०१० पासून आठवड्याला पाच अंडी मिळतात. कर्नाटकात २०२४ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने सहा दिवस सुरू झाली. तिथेही न खाणाऱ्या मुलांसाठी केळ्याची सोय आहेच. म्हणजे कुणावर सक्ती न करता देता येतं. ज्याला खायचं नाही त्याच्या ताटात टाकू नका, पण ज्याला हवंय त्याच्या ताटातून काढूही नका. हे समजायला फार मोठं धोरण लागत नाही. आम्हा तिघींना आणि काकूंना जिन्यात उभ्या उभ्या पंधरा मिनिटांत समजलं.

अंडं हा तसा साधा पदार्थ. पण तुम्ही स्वतः, कुणाच्याही मदतीशिवाय शिजवून खाल्लेली पहिली गोष्ट आठवून बघा. बऱ्याच जणांची ती अंडंच असेल. त्या दिवशी आपण घरापासून एक पाऊल लांब आलो आणि उपाशी राहिलो नाही. त्याची लाज वाटायचं कारण नाही.

परवाच्या शनिवारी मी दुकानात कापडी पिशवी घेऊन गेले. काकांनी सवयीने काउंटरखाली हात घातला.

"काका, काळी नको. यातच द्या."

काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा माझ्यामागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे. मग सहा अंडी पेपरात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवली, कोथिंबिरीच्या जुडीवर. मागचं गिऱ्हाईक म्हणालं, "मलापण सहा द्या. आणि पिशवी राहू द्या."